मोटरसायकलचा ऑइल कूलर दगड-चिखलापासून कसा सांभाळायचा

इंटरसेप्टर ६५०, हिमालयन ४११, पल्सर २२०, अपाचे आरटीआर २०० ४व्ही, जिक्सर २५० यांपैकी एखादी गाडी नुकतीच घरी आणली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या गाड्यांच्या इंजिनातलं गरम तेल नळीवाटे बाहेर येतं, वाऱ्यावर थंड होतं आणि परत आत जातं. थंड करण्याचं काम ऑइल कूलर करतो. तो पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या वाटेत असतो, कारण दुसरीकडे कुठेही बसवला तर त्याला पुरेशी हवा मिळत नाही. पण वाऱ्याची वाट तीच दगडांची आणि चिखलाचीही वाट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कूलर फुटायची भीती रास्त आहे, पण त्या भीतीपोटी लोक त्याच्यासमोर जे काही ठोकतात त्यातलं बरंचसं हवा अडवतं. फुटलेला कूलर निदान लगेच दिसतो. हवा कमी पडून तेल रोज थोडं जास्त तापत असेल तर ते कुणाला कळतही नाही. म्हणून जाळीचा गार्ड हा पहिला नाही, शेवटचा उपाय समजा. त्याआधी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत आणि जास्त उपयोगाच्या आहेत.

आधी कूलर नीट बघून घ्या

सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी मधल्या स्टँडवर लावा. मधला स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा. टॉर्च घेऊन समोर बसा. आडव्या चपट्या नळ्या दिसतील. त्यांच्यामध्ये घड्या घातलेला, कागदासारखा पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा दिसेल, ते फिन. तेल वाहतं ते नळ्यांतून. फिनमध्ये तेल नसतं, ते फक्त उष्णता हवेला देतात. हा फरक लक्षात ठेवा. फिन वाकला तर थंडावा कमी होतो, नळीला भोक पडलं तर तेल जातं.

दोन्ही टोकांना नळ्या एकत्र येतात तिथे छोट्या टाक्या असतात आणि त्यांना तेलाचे पाइप जोडलेले असतात. जोडावर बहुतेक वेळा पोकळ बोल्ट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा एकेक वॉशर. या जोडावरून पांढरा कपडा फिरवा. ओलसर डाग आला, तर गार्डचा विचार बाजूला ठेवा आणि आधी गळती बंद करून घ्या.

आता कूलर हाताने हलकेच हलवून पाहा. तो किंचित हलायला हवा. त्याच्या बोल्टखाली रबराचे बुश असतात, इंजिनचा आणि रस्त्याचा थरथराट कूलरपर्यंत पोचू नये म्हणून. हे रबर पुढे गार्ड बसवताना पुन्हा आठवायचं आहे.

मोबाइलवर समोरून एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तुलना करायला तोच उपयोगी पडतो.

मार कुठून लागतो

तीन दिशांनी. पहिली दिशा स्वतःच्या पुढच्या चाकाची. टायर खडी उचलतो आणि मागे भिरकावतो. मडगार्ड आखूड असेल तर ती थेट कूलरवर. दुसरी दिशा पुढच्या गाडीची. खडी-मुरूम वाहणारा हायवा, डंपर, उसाची ट्रॉली. तिसरी, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे वॉशिंग सेंटरवरची प्रेशरची बंदूक. वाकलेल्या फिनचे कूलर मी पाहतो तेव्हा निम्म्या वेळा ते दगडाचं काम नसतं. एका सरळ पट्ट्यात सगळे फिन एकाच बाजूला निजलेले असले, तर तो पाण्याचा फवारा. दगड एका ठिकाणी खड्डा पाडतो, पट्टा नाही.

आपल्याकडे मोसमाप्रमाणे धोका बदलतो. पावसाळा संपला की डांबरीकरणाची कामं निघतात. ओल्या डांबरावर पसरलेली बारीक खडी पुढचे काही दिवस सुटीच असते आणि गाड्यांच्या चाकांनी कडेला, वळणावर जमा होते. त्याच सुमाराला सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गळीत हंगाम सुरू होतो. ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकाखाली चिरडून त्याचा चोथा रस्त्यावर पसरतो आणि तोच उडून फिनमध्ये बसतो. कोकणात पावसात जांभ्याचा लाल चिखल. तो वाळला की फिनच्या फटी भरून टाकतो आणि वरवर पाहणाऱ्याला कूलर फक्त लालसर झालेला दिसतो.

पैसे न लागणारा उपाय

दगडाचा मार वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० वरून ६० वर आलात तर समोरून येणाऱ्या खड्याचा आघात साधारण ५६ टक्क्यांवर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. सुट्या खडीच्या पट्ट्यावर वेग उतरवणं हे बाजारातल्या कुठल्याही गार्डपेक्षा जास्त काम करतं.

डंपरमागे किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी ६० च्या वेगाला ते ५० मीटर होतं. रस्त्याकडेचा एखादा खांब पुढच्या गाडीने ओलांडला की सावकाश तीन आकडे मोजा. तिसरा आकडा संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात ओव्हरटेक करायला जागा नसते, तेव्हा मागे चिकटून राहण्यापेक्षा दोन मिनिटं थांबून चहा घ्यावा. डंपर पुढे जातो आणि रस्ता मोकळा मिळतो.

पहिला खर्च मडगार्डवर

काही शे रुपयांत पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला लावायची प्लास्टिकची शेपटी मिळते. दुकानात ‘फेंडर एक्स्टेंडर’ म्हणा किंवा ‘पुढचा फ्लॅप’ म्हणा, कळतं. पुण्यात नाना पेठेत बहुतेक चालू गाड्यांचे तयार फ्लॅप मिळतात. चाकाने उडवलेला चिखल आणि बारीक खडी यातली बरीचशी तो खालीच अडवतो आणि कूलरसमोरची हवा मात्र जशीच्या तशी राहते. म्हणूनच नव्या माणसाने सुरुवात इथून करावी.

घेताना तुमच्याच मॉडेलचा घ्या, मडगार्डच्या गोलाईला तो घट्ट बसला पाहिजे. चिकटवायचा असेल तर मडगार्डची आतली बाजू शॅम्पूने धुऊन, पूर्ण वाळवून, मग स्पिरिटने पुसा. मेणाचं पॉलिश राहिलं तर दुहेरी टेप पहिल्याच पावसात सुटतो. चिकटवल्यावर एक रात्र गाडी हलवू नका. रिबिट मारून लावायचा असेल तर रिबिटचं आतलं डोकं टायरला लागत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघा. टायर नवा असताना आणि चिखलाने माखलेला असताना त्याची जाडी वेगळी असते, तेव्हा थोडी मोकळीक ठेवा. फ्लॅपचं खालचं टोक जमिनीपासून चांगलं वर असू द्या. गतिरोधकावर घासायला लागला तर तो एक दिवस मोडून चाकात अडकेल.

रोज शहरात ऑफिसला जाणाऱ्याला, महिन्यातून एखादा घाट करणाऱ्याला एवढं पुरतं. इथेच थांबलात तरी चालेल. पुढचा भाग खडीच्या, कच्च्या किंवा लांबच्या रस्त्यांवर जाणाऱ्यांसाठी.

जाळी निवडताना भोकांचा हिशेब

बाजारात दोन प्रकार मुख्य. एक, लेझरने किंवा पंचने भोकं पाडलेला स्टीलचा पत्रा. दुसरा, तारेची विणलेली किंवा वेल्डिंगची जाळी. पत्रा दिसायला देखणा असतो, त्यावर गाडीचं नाव कोरलेलं असतं आणि म्हणून तोच जास्त खपतो. पण हिशेब करून बघा.

पत्र्यावर गोल भोकं तिरक्या ओळींत, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असतील, तर मोकळी जागा काढायचं सूत्र सोपं आहे. भोकाच्या व्यासाला दोन भोकांच्या केंद्रांमधल्या अंतराने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि त्याला ९०.७ ने गुणा. ५ मिलिमीटरची भोकं ७ मिलिमीटरवर असतील तर मोकळी जागा येते ४६ टक्के. ३ ची भोकं ५ वर असतील तर अवघी ३३ टक्के. म्हणजे कूलरच्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग तुम्ही पत्र्याने झाकला. पत्र्यावर मध्यभागी मोठं नाव किंवा चिन्ह कोरलेलं असेल आणि भोवती भोकं नसतील, तर आणखी कमी.

तारेच्या चौकोनी जाळीचा हिशेब असा. मोकळ्या चौकोनाची बाजू भागिले बाजू अधिक तारेची जाडी, त्याचा वर्ग. ५ मिलिमीटरचा चौकोन आणि १ मिलिमीटरची तार असेल तर २५ भागिले ३६, म्हणजे ६९ टक्के मोकळं. पत्र्याच्या मानाने दीडपट हवा.

डासांच्या जाळीचंही गणित कागदावर चांगलंच येतं, म्हणून काही जण ती लावतात. लावू नका. तिची फट मिलिमीटरभराची असते. एका संध्याकाळी शेतातल्या रस्त्याने जाऊन आलात की ती किड्यांनी भरते, पावसात चिखलाचा पापुद्रा धरते, आणि मग मोकळी जागा शून्याकडे जाते.

माझी शिफारस ४ ते ६ मिलिमीटरचा चौकोन, १ मिलिमीटरच्या आसपासची तार, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस. ४ मिलिमीटरपेक्षा लहान खडा जाळीतून गेला तरी फिनला टोचण्यापलीकडे फारसं करत नाही. नळी फोडणारा खडा त्यापेक्षा मोठा असतो. विणलेल्या जाळीपेक्षा वेल्डिंगची बरी, कारण मार बसल्यावर तिच्या तारा सरकून मोठी फट पडत नाही. दुकानात व्हर्निअर घेऊन जा किंवा साधी मोजपट्टी लावून दहा चौकोनांची लांबी मोजा आणि दहाने भागा. पुण्यात बोहरी आळीत जाळी तुकड्याने मिळते. चौकट करून देणारा फॅब्रिकेशनवाला कुठल्याही एमआयडीसीत सापडतो. तयार गार्डच घ्यायचा असेल तर ४५ टक्क्यांच्या खाली मोकळी जागा असलेला घेऊ नका. विक्रेता आकडा सांगत नसेल तर भोक आणि अंतर मोजून घरी काढा. पावडर कोटिंगने भोकं आणखी थोडी लहान होतात, तेही मोजा.

पुठ्ठ्याचा नमुना केल्याशिवाय धातू कापू नका

फक्त फिनचा भाग मोजा, बाजूच्या टाक्या नाहीत. चारही बाजूंनी ५ ते ८ मिलिमीटर वाढवा. खोक्याच्या पुठ्ठ्यातून तेवढा तुकडा कापा आणि गार्ड जिथे असणार तिथे चिकटपट्टीने लावा. कूलरपासून ८ ते १० मिलिमीटर पुढे. हे अंतर महत्त्वाचं, कारण दगडाने जाळी आत दबली तरी तिने फिनला टेकता कामा नये.

आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. ब्रेकची नळी, क्लचची केबल, हॉर्नची वायर कुठे घासते का बघा. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची तपासणी. खड्ड्यात पुढचं चाक वर येतं तेव्हा ते नुसतं वर येत नाही. पुढचे शॉकअप मागे कललेले असतात, त्यामुळे चाक वर आणि मागे, इंजिनच्या दिशेने सरकतं, आणि मडगार्डही त्याच्याबरोबर येतो. इंटरसेप्टरच्या पुढच्या शॉकअपची चाल ११० मिलिमीटर आहे. कल साधारण २४ अंशांचा धरला तर पूर्ण दाबल्यावर चाक सुमारे ४५ मिलिमीटर मागे येतं. म्हणजे गाडी उभी असताना टायर आणि गार्ड यांच्यामध्ये दिसणारी फट खरी नसते. त्यातून हे साडेचार सेंटिमीटर वजा करायचे आणि उरलेल्यात आणखी दीड-दोन सेंटिमीटर शिल्लक राहिले पाहिजेत.

शॉकअपच्या चकचकीत नळ्या उघड्या असतील तर सरळ मोजता येतं. तेलाच्या सीलच्या अगदी वर एक बारीक केबल टाय हलकेच आवळा. मोकळ्या रस्त्यावर दोन-चारदा जोरात ब्रेक मारा, एखादा गतिरोधक जरा वेगाने घ्या. टाय वर सरकून जिथे थांबला असेल तिथपर्यंत तुमच्या वापरात शॉकअप दबतो. तो आकडा वहीत लिहा आणि टाय कापून काढून टाका. पण मोकळीक ठरवताना कंपनीने दिलेली पूर्ण चालच धरा. अचानक खड्डा आला तर चाक तेवढं वर येतंच.

फट पुरत नसेल तर त्या गाडीला जाळीचा गार्ड नको. फ्लॅपवर थांबा.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड. नुकत्याच फिरून आलेल्या गाडीचं तेल शंभर अंशांच्या आसपास असू शकतं आणि पाइपला हात लागला तर भाजतं.

गार्ड कशावर टेकवायचा हा खरा प्रश्न. दोन पर्याय बरोबर आहेत. एकतर तो पूर्णपणे कूलरच्याच बोल्टांवर, म्हणजे रबराच्या बुशांवरून कूलरबरोबर हलणारा. नाहीतर पूर्णपणे फ्रेमवर, कूलरला कुठेही न शिवणारा. अर्धा इकडे, अर्धा तिकडे हे चूक. एक टोक कूलरला आणि दुसरं फ्रेमला आवळलं की रबराचा उपयोग संपतो, सगळा थरथराट कूलरच्या कानांवर, म्हणजे बोल्टसाठी बाहेर काढलेल्या पट्ट्यांवर, येतो आणि काही हजार किलोमीटरनंतर कान मुळापासून तडकतात. गार्ड लावल्यावर कूलर पुन्हा हलवून बघा. आधी जितका हलत होता तितकाच हलला पाहिजे.

फिनमधून केबल टाय ओवून जाळी बांधायची नाही. तेलाच्या पाइपवर क्लॅम्प मारायचा नाही. फ्रेमला ड्रिल करायचं नाही, तिथून गंज सुरू होतो आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

मूळ बोल्टखाली गार्डची पट्टी आली की बोल्ट तेवढा कमी आत जातो. पट्टी ३ मिलिमीटरची असेल तर ३ मिलिमीटरने लांब बोल्ट घ्या, नाहीतर दोन-चार आट्यांवरच सगळा भार राहील. आधी सगळे बोल्ट बोटांनी बसवा, मग पाना लावा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरेसं असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना वापरा आणि त्याला पाइप लावून जोर वाढवू नका. अॅल्युमिनियममधले आटे गेले की काम वाढतं. निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब प्रत्येक बोल्टला.

स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथे नायलॉनचा पातळ वॉशर घाला. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजत जातं. रत्नागिरी, मालवण, गोवा, अलिबाग इथल्या गाड्यांना हे हमखास करा.

कापलेल्या जाळीच्या कडेला तारांची टोकं राहतात. ती कानशीने घासून त्यावर रबराची बीडिंग बसवा. धुताना हात कापतो तो इथेच.

पन्नास किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

हवा कमी झाली का, हे मोजून बघा

अंदाजावर राहू नका. इन्फ्रारेड तापमापी, ती बंदुकीसारखी, आता सहज मिळते. मात्र चकचकीत धातूवर ती खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. म्हणून कूलरला तेल आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या, अशा दोन्ही पाइपांच्या धातूच्या टोकांवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावरच मोजा.

गार्ड लावायच्या आधी ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेगाने अर्धा तास चालवा, थांबल्या थांबल्या दोन्ही टोकं मोजा, हवेचं तापमानही लिहून ठेवा. गार्ड लावून तोच रस्ता, दिवसाची तीच वेळ. परत जाणारं तेल आधीपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम आलं तर फारसं बिघडत नाही. आठ-दहा अंशांचा फरक दिसला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच आला, तर गार्ड काढा किंवा मोकळी जाळी लावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यासाठी ही परीक्षा जानेवारीत घेऊन चालणार नाही. शक्य असेल तर उन्हाळ्यातच घ्या.

त्याच वेळी कूलरसमोर आणखी काय काय आलं आहे तेही बघा. क्रॅश गार्डवर लावलेला जादा हॉर्न, फॉग लाइट, त्यांच्या वायरिंगचा गुंता. दसऱ्याला गाडीची पूजा करून घातलेला झेंडूचा हार हेडलाइटवर शोभतो, पण तो खाली लोंबून कूलर झाकत असेल किंवा चाकाजवळ येत असेल तर निघण्यापूर्वी वर बांधा किंवा काढून घरात ठेवा.

धुणं

वॉशिंग सेंटरवरच्या मुलाला गाडी देतानाच सांगा, “पुढे जाळीवर प्रेशर मारू नको रे.” आणि तिथे उभे राहा. घरी धुणार असाल तर इंजिन थंड झाल्यावर बागेच्या नळीने, साध्या धारेने, शक्यतो मागच्या बाजूने पुढे पाणी सोडा. घाण पुढून आत बसलेली असते, ती आल्या वाटेने बाहेर निघते. लाल चिखल वाळला असेल तर आधी पाणी मारून पंधरा मिनिटं भिजू द्या, मग रंग लावायच्या मऊ ब्रशने फिनच्या रेषेत, वरखाली. आडवा ब्रश फिरवला की फिन निजतात. किडे चिकटले असतील तर शॅम्पूचं पाणी. रॉकेल-डिझेल फिनवर नको, त्याच्या तेलकटपणावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते.

जाळीचा गार्ड असेल तर तो पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढूनच आतला कूलर धुवा. गार्ड आणि कूलर यांच्यामध्ये पानं, चोथा, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे साचतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

वाकलेले फिन सरळ करणं

थोडे वाकलेले फिन घरी सरळ होतात. आइस्क्रीमची लाकडी काडी टोकाला तासून पातळ करा. वाकलेल्या फिनच्या मुळाशी ती हलकेच सरकवा आणि एकेक घडी उभी करत चला. स्क्रू-ड्रायव्हर, सुई, चिमटा नको. लोखंड घसरलं तर खालच्या नळीला टोचतं. एखादा फिन तुटेलसं वाटलं तर तसाच सोडून द्या. थोडेसे वाकलेले फिन राहिले तरी चालतात, नळीला लागलेली चीर चालत नाही. नळीवर खोल खळगा दिसला तर तिथे खडूने खूण करा आणि पुढचे काही दिवस रोज ओलावा बघा.

वाटेत तेल गळायला लागलं तर

पायाजवळ गरम तेलाचा वास, सायलेन्सरच्या पाइपवरून निळसर धूर, बुटावर काळे शिंतोडे. यातलं काहीही जाणवलं तर ब्रेक जपून, गाडी झुकवू नका, सरळ रेषेत कडेला घ्या. कूलरमधलं तेल वाऱ्याने मागे येतं आणि मागच्या टायरवर पडतं, घसरून पडण्याचा धोका तिथे आहे. थांबताक्षणी इंजिन बंद. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला असेल तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचारही नको. तेलाचा दाब गेलेल्या इंजिनात क्रँकच्या बेअरिंगा खराब व्हायला काही सेकंद पुरतात.

थंड झाल्यावर कपड्याने पुसून गळती कुठून आहे ते शोधा. जोडावरून असेल तर बोल्ट किंचित आवळून बघा. दोन-चार सीलिंग वॉशर टूल किटमध्ये ठेवलेले असले तर हे काम रस्त्यावर होतं. नळीलाच भोक असेल तर एम-सील लावून पुढे जाता येतं असं बरेच जण सांगतात. तेलकट, गरम आणि दाब असलेल्या जागी ते धरेल याचा भरवसा नाही. मी तरी त्यावर घाट उतरणार नाही. छोटा हत्ती बोलवा आणि गाडी त्यात घाला. गावातला फिटर कूलर वगळून दोन पाइप एकमेकांना जोडून देतो म्हणाला तर पाइप तेलाच्या दाबाचा आणि उष्णतेचा आहे का विचारा. पेट्रोलची साधी नळी तिथे फुटते.

मागचा टायर, रिम आणि ब्रेकची डिस्क भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुतल्याशिवाय गाडीवर बसू नका. ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर पॅड बदला, ते धुऊन पूर्ववत होत नाहीत.

कूलर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? जुने पितळी रेडिएटर झाळून मिळत. हा अॅल्युमिनियमचा आहे, त्याला आर्गन वेल्डिंग लागतं, आणि पातळ नळीवर ते करणारा हात दुर्मीळ. टाकीच्या जाड भागावर चीर असेल तर वेल्डिंग करून घ्या, हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का तेही समोर उभं राहून तपासून घ्या. नळी फुटली असेल तर नवा कूलर. बसवताना जुने वॉशर परत वापरू नका, दोन्ही जोडांना नवे घाला. तेल काचेतल्या वरच्या खुणेपर्यंत भरा, इंजिन दोन-तीन मिनिटं मोकळं चालवा, बंद करून थोडं थांबा आणि पातळी पुन्हा बघा. रिकामा कूलर तेल ओढून घेतो, त्यामुळे ती खाली गेलेली असते. तेवढं तेल वर घाला, जोडांवरून कोरडा कपडा फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली घातलेला पुठ्ठा कोरडा आहे ना ते बघूनच ती रस्त्यावर काढा.